मदत हवी आहे : शेजारी राष्ट्रांमधील टिकाऊ शांततेची सुरुवात नेमकी कुठून होते?

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)
नमस्कार. मी नागपुरात राज्यशास्त्रात एम. ए. करत असून शेवटच्या सत्रासाठी ‘सुरक्षा समुदाय’ (आपापसांत युद्ध होणार नाही याची खात्री असलेल्या राष्ट्रांचा समूह) या विषयावर लघुप्रबंध लिहीत आहे. पहिले प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आले आणि त्यावर ‘कार्यकारणभाव सिद्ध होत नाही’ एवढाच शेरा आहे. माझी मांडणी सरळ आहे. राष्ट्रांनी आपापसांत व्यापार वाढवला, सामाईक संस्था उभारल्या, त्यातून विश्वास निर्माण झाला आणि युद्धाची शक्यता मावळली. युरोपाचे उदाहरण सर्वांसमोर असताना यात सिद्ध करायचे काय उरते, हे मला समजत नाही. सोमवारी सुधारित प्रकरण द्यायचे आहे. आधी काय येते, व्यापार, संस्था की विश्वास, हे कृपया कोणी थेट सांगावे. अधिक वाचनाचे सल्ले नकोत. वाचन झाले आहे आणि गोंधळ त्यातूनच वाढला आहे.

धरमपेठ वाचक
ताई, थेट उत्तर देता येईल, पण आपण कोणत्या राष्ट्रांची तुलना करत आहात हेच लिहिलेले नाही. एकट्या युरोपावर प्रबंध आहे की पुढे दुसरा प्रदेशही येणार आहे? ‘युद्धाची शक्यता मावळली’ हे आपण कशावरून ठरवता? राज्यशास्त्रज्ञ कार्ल डॉइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ही संकल्पना मांडली तेव्हा त्यांची कसोटी करारांची संख्या ही नव्हती. आपले वाद बळाने सोडवले जाणार नाहीत याची दोन्ही समाजांना खात्री वाटणे आणि एकमेकांविरुद्धच्या युद्धाची तयारीच थांबणे, ही ती कसोटी होती. शिवाय त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. एकात राष्ट्रे एका शासनाखाली विलीन होतात, तर दुसऱ्यात ती सार्वभौम राहूनही युद्ध टाळतात. आपण दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहीत आहात, असे गृहीत धरू का?

सीताबर्डी
एवढ्या खोलात जाण्याची आवश्यकता नाही. आधी संस्था येते. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमन यांनी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक प्राधिकरणाखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा दुसरे महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि विश्वासाचा पत्ताही नव्हता. तोफा ज्या पोलादाच्या ओतायच्या, ते पोलादच कोणा एका राष्ट्राच्या एकट्याच्या ताब्यात राहू नये, हा त्यामागचा विचार होता. एप्रिल १९५१ मध्ये सहा राष्ट्रांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या. विश्वास त्यानंतर आला आणि १९६३ च्या फ्रान्स-पश्चिम जर्मनी मैत्रीच्या एलिझे करारापर्यंत तो इतका वाढला होता की दोन्ही राष्ट्रांनी आपल्या तरुणांच्या देवाणघेवाणीचीही व्यवस्था केली. आपल्या प्रकरणात क्रम बदला, शेरा आपोआप निघून जाईल.

महाल
सीताबर्डी यांचा क्रम अर्धवट आहे. १९४९ मध्ये नाटो ही अमेरिका व पश्चिम युरोपीय राष्ट्रांची लष्करी आघाडी स्थापन झाली होती, अमेरिकी सैन्य युरोपात तळ ठोकून होते आणि सोव्हिएत संघाची भीती समोर होती. ही छत्री नसती तर फ्रान्सने जर्मन पोलादाला पुन्हा उभे राहू दिले असते का? शिवाय फ्रान्सच्या नियंत्रणाखालील सार या जर्मन सीमाप्रदेशाचा प्रश्न लोंबकळत होता. तेथील जनतेने ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात वेगळा युरोपीय प्रदेश म्हणून राहण्याचा पर्याय नाकारला, फ्रान्सने तो कौल मान्य केला आणि १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीत गेला. म्हणजे मूळ भांडणही मिटवावे लागले. एकटी संस्था हे करू शकली नसती.

माझ्या मते उलटा पुरावा आग्नेय आशियात आहे. इंडोनेशियाने १९६३ पासून मलेशियाविरुद्ध सशस्त्र संघर्ष चालवला होता. तो १९६६ मध्ये थांबला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९६७ रोजी, बँकॉकमध्ये पाच राष्ट्रांनी आसियान ही आग्नेय आशियाई राष्ट्रांची संघटना स्थापन केली. तिच्याकडे ना न्यायालय होते, ना सक्तीचे अधिकार, ना आपापसांतला मोठा व्यापार. बळाचा वापर न करण्याचा मैत्री व सहकार्य करार बालीत झाला तो १९७६ मध्ये. मलेशियातील साबाह प्रदेशावरचा फिलिपिन्सचा दावा आजही कागदोपत्री कायम आहे, पण त्यावरून दोन राष्ट्रे लढली नाहीत. भांडण बाजूला ठेवण्याची शिस्त आधी आली, बाकी सगळे तिच्या मागून आले.

सीताबर्डी
ही शिस्त जुलै २०२५ मध्ये कुठे गेली होती? थायलंड आणि कंबोडिया दोघेही आसियानचे सदस्य आहेत आणि दोघांनी एकमेकांवर तोफा डागल्या. डिसेंबरात पुन्हा लढाई पेटली. दाबून ठेवलेले वाद मिटत नाहीत, हेच यावरून दिसते.

महाल
कंबोडिया १९९९ मध्ये सदस्य झाला; मी संस्थापक पाच राष्ट्रांविषयी बोलत आहे. थायलंड-कंबोडिया सीमेवरील प्रेअ विहेअर मंदिराचा वाद फ्रेंच राजवटीच्या नकाशांमधून आलेला आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये ते मंदिर कंबोडियाचे ठरवले, तरी आजूबाजूच्या सीमेचा प्रश्न उरलाच. सदस्यत्व मिळाले म्हणजे समुदाय तयार झाला असे मी कुठेही म्हटलेले नाही. मात्र जुलैतील युद्धविरामाची बोलणी आसियानचे अध्यक्षपद असलेल्या मलेशियात झाली, हेही नोंदवावे.

अजनीकर
या विषयावर स्पर्धा परीक्षेत हमखास प्रश्न येतो, म्हणून थोडक्यात देतो. सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात झाली. सनदेनुसार निर्णय एकमताने होतात आणि द्विपक्षीय वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळलेले आहेत. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली. म्हणून पर्याय म्हणून बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतीच्या राष्ट्रांची संघटना) लिहावे. त्याची सनद मे २०२४ मध्ये अमलात आली. शेवटच्या परिच्छेदात पुढील दिशा द्यावी, त्याला वेगळे गुण मिळतात.

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)
अजनीकर दादा, हा स्पर्धा परीक्षेतील प्रश्न नाही आणि मी सार्कविषयी विचारलेले नाही. धरमपेठ वाचक यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की राष्ट्रे सार्वभौमच आहेत, दुसरे प्रकरण दक्षिण अमेरिकेवर आणि तिसरे भारत-बांगलादेश संबंधांवर आहे. हे मी शीर्षकात लिहिलेले नाही, कारण अडचण पहिल्या प्रकरणाची आहे.

धरमपेठ वाचक
मग अडचण पहिल्या प्रकरणाची नाहीच. तिसरे प्रकरण भारत-बांगलादेशाचे असेल आणि पहिल्यात केवळ युरोपाचा दाखला असेल, तर मार्गदर्शक नेमके हेच विचारत असावेत की जेथे नाटोची छत्री नाही आणि सामाईक शत्रूही नाही, तेथे हा क्रम लागू कसा होणार. दक्षिण अमेरिकेतील कोणती राष्ट्रे घेतली आहेत?

पेंच-निवृत्त
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. तुम्ही सगळे परदेशाचे बोलत आहात, पण नागपूरच्या नळाला येणारे पाणी पेंचचे आहे आणि तोतलाडोह धरण दोन राज्यांच्या सीमेवर उभे आहे. वरच्या बाजूला छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाल्यावर खाली येणारे पाणी घटले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात शहराने त्याची झळ सोसली. त्या काळात इथली माणसे संतापलेली होती, मध्य प्रदेशाविषयी कडवट बोलत होती. तरीही कोणाच्या मनात बंदुकीचा विचार आला नाही, कारण करार, लवाद आणि सर्वोच्च न्यायालय हे मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. गोदावरी लवादाच्या निवाड्यात या खोऱ्याच्या पाण्याचे वाटप लिहिलेले आहे. शांतता हवी असेल तर आधी पाण्याचा हिशेब लिहून काढा, एवढेच माझे सांगणे आहे.

सीताबर्डी
काका, आदराने सांगतो, हा विषय राज्याराज्यांमधील पाणीवाटपाचा नाही. येथे राष्ट्रांविषयी चर्चा चालू आहे.

फुटाळा
पेंच-निवृत्त काकांचा मुद्दा विषयाबाहेरचा मुळीच नाही. दोन राज्यांचे उदाहरण म्हणजे डॉइच यांचा पहिला, विलीन प्रकार आहे. आणि धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रकरणाचा दरवाजा तर पाण्यानेच उघडतो.

अर्जेंटिना आणि ब्राझील ही एकमेकांकडे युद्धाच्या शक्यतेने पाहणारी राष्ट्रे होती आणि दोघांचेही अणुकार्यक्रम आंतरराष्ट्रीय देखरेखीपासून बऱ्याच अंशी दूर होते. ब्राझीलने पॅराग्वेबरोबर पाराना नदीवर इताइपू धरण बांधायला घेतले, तेव्हा खालच्या बाजूच्या अर्जेंटिनाला आपला खालच्या बाजूचा नियोजित कॉर्पस धरण प्रकल्प निकामी होण्याची आणि नदीच्या पातळीची चिंता लागली. या प्रश्नावर अनेक वर्षे कडवटपणा राहिला. ऑक्टोबर १९७९ मध्ये तिन्ही राष्ट्रांनी एकत्र बसून एका धरणाची पातळी आणि दुसऱ्याच्या जनित्रांचा वापर यांची मर्यादा ठरवली. लक्षात घ्यावे की तेव्हा अर्जेंटिना आणि ब्राझील या दोन्ही ठिकाणी लष्करी राजवट होती आणि मर्कोसुर ही व्यापारी संघटना स्थापन व्हायला अजून १२ वर्षे बाकी होती.

त्यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्राझीलने लंडनमध्ये अर्जेंटिनाचे हितसंबंध सांभाळले. डिसेंबर १९८३ मध्ये अर्जेंटिनात आणि मार्च १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये नागरी सरकारे आली. नोव्हेंबर १९८५ मध्ये अध्यक्ष आल्फोन्सिन आणि अध्यक्ष सार्नी इग्वासू येथे भेटले, आणि त्या भेटीत आल्फोन्सिन स्वतः इताइपू धरण पाहायला गेले. ज्या धरणावरून इतकी वर्षे भांडण झाले, त्याच्या भिंतीवर प्रतिस्पर्धी राष्ट्राचा अध्यक्ष उभा राहिला. जुलै १९८७ मध्ये सार्नी यांना अर्जेंटिनाने पिल्कानियेऊ हे युरेनियम समृद्धीकरणाचे केंद्र आतून दाखवले. हे केंद्र पूर्वी जगापासून लपवून बांधले गेले होते. पुढच्या वर्षी आल्फोन्सिन ब्राझीलच्या आरामार अणुकेंद्रात गेले. १९९१ मध्ये दोन्ही राष्ट्रांनी सामाईक तपासणी संस्था स्थापन केली, तिचे मुख्यालय रिओ दि जानेरोत आहे, आणि तिच्या पद्धतीनुसार ब्राझीलच्या केंद्रांची तपासणी अर्जेंटिनाचे निरीक्षक करतात, तर अर्जेंटिनाच्या केंद्रांची ब्राझीलचे. मर्कोसुरचा करारही त्याच वर्षीचा.

तेव्हा क्रम असा दिसतो: एक ठोस वाद मिटला, मग सर्वांत झाकलेली वस्तू शेजाऱ्याला उघडून दाखवली, मग तपासणीची संस्था उभी राहिली आणि व्यापाराचा मोठा करार तिच्या बरोबरीने आला.

महाल
फुटाळा यांची माहिती योग्य आहे, पण लोकशाहीचा वाटा ते कमी लेखत आहेत. लष्करी राजवटीने धरणाचा करार केला हे खरे. पिल्कानियेऊचे दार मात्र निवडून आलेल्या अध्यक्षाने उघडले.

फुटाळा
मान्य. लोकशाहीने दार पूर्ण उघडले. कडी त्याआधी काढलेली होती. प्रबंधात दोन्ही टप्पे वेगळे दाखवावेत, अन्यथा ‘लोकशाही आली म्हणून शांतता आली’ असा तितकाच कच्चा कार्यकारणभाव तयार होईल.

काटोल रोड, माजी सैनिक
एक शंका मनापासून विचारतो. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही राष्ट्रे आपल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर उभे होते तेव्हाही दिल्या. मी त्या काळात सीमेवर होतो आणि या बातमीचे मला फार आश्चर्य वाटले होते. इतकी अखंड पाळलेली गोष्ट पुढे वाढली का नाही?

फुटाळा
सुभेदार साहेब, आपला प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे. यादी मिळते, पण तिची पडताळणी कोणी करत नाही. एकाही पाकिस्तानी निरीक्षकाने भारतीय केंद्राचे दार ओलांडलेले नाही आणि भारतीयाने पाकिस्तानी केंद्राचे नाही. शिवाय मूळ वाद तसाच राहिला आणि दहशतवादी हल्ले चालूच राहिले. अशा परिस्थितीत यादी हल्ला टाळण्याच्या कामी येते, विश्वास वाढवण्याच्या नाही. १९६० च्या सिंधू पाणीवाटप कराराने तीन युद्धे पाहिली, तरी एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारताने तो स्थगित केला. जुना करार टिकला म्हणजे समुदाय झाला, असे समजता येत नाही.

काटोल रोड, माजी सैनिक
आपण अधिकारी समजून लिहिले आहे. मी हवालदार पदावरून निवृत्त झालो. उत्तर पटले. हे सीमेवरच्या जवानांनाही कोणीतरी समजावून सांगायला हवे.

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)
सर्वांचे आभार. आता पहिल्या प्रकरणाचा प्रश्न मी असा बदलत आहे: कोणता वाद आधी मिटला आणि त्यानंतर कोणती गोष्ट शेजाऱ्याच्या तपासणीसाठी खुली झाली? दक्षिण अमेरिकेत पाराना आणि अणुकेंद्रे, युरोपात सार आणि कोळसा-पोलाद, अशी जोडी लागते; युरोपात मात्र कोळसा-पोलाद आधी आणि सारचा निकाल नंतर, असा क्रम उलटा आहे. नॉर्वे आणि स्वीडन १९०५ मध्ये विभक्त झाले तेव्हा सीमेलगतचे किल्ले पाडून तटस्थ पट्टा आखला गेला, हेही त्यात बसते. आसियानचा दाखला मी अपवाद म्हणून ठेवणार आहे, कारण तेथे वाद मिटला नाही आणि तपासणीही नाही.

तिसऱ्या प्रकरणात वाद मिटल्याची उदाहरणे भरपूर आहेत. १९७४ चा भूसीमा करार २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत अडकलेले भारताचे १११ व बांगलादेशाचे ५१ भूभाग हस्तांतरित झाले. २०१४ मध्ये लवादाने बंगालच्या उपसागरातील वादग्रस्त क्षेत्राचा मोठा भाग बांगलादेशाला दिला आणि भारताने तो निवाडा स्वीकारला. परंतु दुसरी पायरी, म्हणजे परस्परांसमोर काही उघडून ठेवणे, मला सापडत नाही. ही पायरी नसेल तर प्रकरण कोसळते का?

धरमपेठ वाचक
कोसळत नाही, उलट तेथेच आपला निष्कर्ष आहे. वाद मिटवणे पुरेसे असते का, याची चाचणी याच जोडीवर घेता येईल. दुसऱ्या पायरीसाठी १९९६ चा गंगा करार पाहावा. त्यात संयुक्त समिती असून दोन्ही राष्ट्रांची पथके भारतातील फरक्का आणि बांगलादेशातील हार्डिंज पूल येथे रोजचा प्रवाह मोजतात. लहान प्रमाणात का होईना, ही परस्परांसमोरची तपासणीच आहे.

पेंच-निवृत्त
प्रवाह दोघांनी मिळून मोजला की निम्मे भांडण आकड्यांपुरते उरते, हा आमच्या खात्याचा अनुभव आहे. तिस्तेवर असे संयुक्त मापन आणि करार का होत नाही, तेही पाहावे.

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)
गंगा कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपत आहे. नूतनीकरणाच्या वाटाघाटी ही त्या चाचणीची वेळ म्हणून घेता येईल का? की चालू घटना प्रबंधात आणणे धोक्याचे ठरेल?

धरमपेठ वाचक
घ्यावी, पण भाकीत करू नये. नूतनीकरणात संयुक्त मापन कायम राहिले, वाढले की गळाले, एवढेच निकष म्हणून आधी लिहून ठेवावे आणि सोमवारी मार्गदर्शकांना तेच पान पहिले दाखवावे.