आईची पाठ रात्रीच जास्त दुखते, एमआरआयचा आग्रह धरू का?

नमस्कार. आई 61 वर्षांची, आम्ही साताऱ्याला राहतो. 2018 साली तिचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, मग केमो, रेडिएशन. नंतर सगळं छान होतं. गेले दोन महिने पाठ दुखतेय. कंबर नाही, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध. दिवसा कामात असली की निभतं, आडवी झाली की ठणका सुरू. रात्री दोन-अडीचला उठून खुर्चीत बसते, टेबलावर उशी ठेवून डोकं टेकते, तेव्हा कुठे डोळा लागतो. खोकला आला की छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी कळ येते.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून "वयामुळे झीज आहे" म्हणत गोळ्या आणि बेल्ट दिला. पंधरा दिवसांत काही फरक नाही. परवा अंगणातून येताना तिच्या उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली, आणि तिला ते कळलंच नाही! तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. आई म्हणते उगाच खर्च नको. काय करू?

प्रतिसाद
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आग्रह धरा, आणि आजच. स्तनाचा कर्करोग मणक्यात पसरू शकतो, मधे बरीच वर्षं गेली असली तरीही. हाडाचा बराच भाग पोखरला जाईपर्यंत एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, त्यामुळे त्या रिपोर्टवर विसंबू नका. साधी पाठदुखी बहुतेकदा पडून राहिल्यावर उतरते, आईंची वाढतेय. मणक्याच्या टीबीतही रात्री दुखतं, म्हणून निदान गाठीचंच असेल असं मी म्हणत नाही. पण चप्पल सुटणं मला दुखण्यापेक्षा गंभीर वाटतं, मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. मालिश, व्यायाम सगळं बंद. संपूर्ण मणक्याचा एमआरआय सांगतील. दाब असेल तर स्टेरॉइड, रेडिएशन किंवा ऑपरेशन, आणि पेशंट चालता असताना उपचार सुरू झाले तर पाय वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. ऑपरेशनची जुनी फाइल सोबत घ्या. लघवी अडते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, हे आईंना स्पष्ट विचारा.

धागाकर्ती
विचारलं. कालपासून लघवीला बराच वेळ बसावं लागतंय म्हणाली. लाजेपायी बोलली नव्हती. फाइल घेतली आहे, गाडी दारात आलीये, पुण्याला निघतोय.