मदत हवी आहे: पावसाळी ट्रेकला मुलांसाठी रेनकोट कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

लेक साडेआठ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघंही पायाला भिंगरी लावल्यासारखी. गेल्या रविवारी लोहगडाला गेलो होतो. लोकलने मळवली, तिथून भाजे गावातून चालत वर. शाळेचेच रेनकोट घातले होते, ते मागे दप्तरासाठी कुबड असलेले. धाकट्याचा तर 'वाढत्या अंगाचा' घेतलेला, त्यामुळे दर चौथ्या पायरीला पायात येत होता.

लोहगडवाडीपर्यंत सगळं मजेत. महादरवाजाच्या पुढे आलो आणि वारा सुरू झाला. विंचूकाट्याच्या बाजूला पाऊस वरून पडतच नव्हता, दरीतून वर येत होता! थोड्या वेळाने लेक एकदम गप्प. (ती गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.) बघते तर ओठ निळसर, दात वाजतायत. रेनकोटाची चेन उघडली तर आतला सुती टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला. गळका म्हणावा तर रेनकोट कुठेच फाटलेला नाही. नवऱ्याची कोरडी बनियन तिला घातली, माझी ओढणी डोक्याला गुंडाळली आणि मुकाट खाली आलो. घरी सासूबाईंनी काय ऐकवलं ते लिहीत नाही.

तर प्रश्न असे:
एकसंध लांब रेनकोट, पँटवाला रेनसूट की पोंचो (डोक्यातून घालायचा सैल झगा)?
घामाची वाफ बाहेर जाऊ देणारे, म्हणजे 'ब्रीदेबल' म्हणतात ते महागडे जॅकेट घ्यावे का? पोरं वर्षभरात उंच होतात, म्हणून हात आखडतो.
पायात काय? गमबूट चालतील का?
छत्रीचा सल्ला कृपया नको, लोहगडावर दोन छत्र्या उलटलेल्या पाहिल्या.

– मळवलीलोकल

*

चिखलपाय:
रेनकोट गळका नव्हता, टी-शर्ट तुमच्या लेकीच्याच घामाने भिजला. शाळेचे रेनकोट पीव्हीसीचे असतात. पाणी आत येत नाही तशी वाफ बाहेरही जात नाही. चढताना घाम आला, सुती शर्टाने तो शोषून घेतला, वर थांबल्यावर वारा लागला आणि अंग गार पडलं. तापमान वीसच्या आसपास असलं तरी ओलं अंग आणि वारा एवढं पुरतं. त्यात लहान मुलं आपल्यापेक्षा लवकर गारठतात.

त्यामुळे आधी आतले कपडे बदला. सुती काही नको. खेळाच्या तासाला घालतात तो पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि तसलीच ट्रॅकपँट. जीन्स तर अजिबातच नाही. वर पातळ फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं जॅकेट), पण ते चढताना घालायचं नाही, सॅकमध्ये ठेवायचं. थांबलात की चढवायचं.

महागड्या जॅकेटबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते कापड वाफ बाहेर टाकतं ते आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या दमटपणाच्या फरकावर. आपल्याकडे जुलैत गडावर ढगातच चालतो, बाहेरची हवा आधीच दमट, मग वाफ जाणार कुठे? थंड, कोरड्या हवेत ते झकास चालतं, सह्याद्रीत पैसे निम्मे वाया. त्यापेक्षा पीयू (पॉलियुरेथेन) लेप दिलेल्या नायलॉनचं साधं जॅकेट घ्या, पण शिवणींवर आतून टेप लावलेली हवी. काखेत चेन किंवा पाठीवर झडप असेल तर उत्तम. लेबलवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो, कापड पाण्याचा किती दाब झेलतं त्याचा. 2000 रोजच्या पावसाला ठीक, पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात तिथून पाणी झिरपतं, म्हणून 5000 च्या पुढचं मिळालं तर बघा.

रंग भगवा किंवा पिवळा घ्या. हिरवं जॅकेट घातलेलं पोर धुक्यात दहा पावलांवर दिसत नाही.

घोंगडीवाला:
पोंचो सपाटीला बरा. कड्यावर वारा आत शिरला की तोंडावर येतो आणि पुढचं दिसत नाही. मुलांना तर नकोच. कमरेपर्यंतचं जॅकेट आणि वेगळी पँट. पँटच्या पायाला इलास्टिक हवं, आणि ती बुटाच्या बाहेरून. आत खोचली की सगळं पाणी बुटात.

आमच्या मावळात आजोबा भातलावणीला इरलं घ्यायचे, गुरांमागे घोंगडीची खोळ. इरल्याच्या खाली चोहीकडून वारा खेळायचा, घाम साठायचा प्रश्नच नाही. घोंगडी भिजून दुप्पट जड व्हायची, पण ऊब सोडायची नाही. लोकरीचा तो गुण आहे. म्हणून मुलांना हुडच्या आत पातळ लोकरी टोपी घाला.

दोनपोरांचीआई:
गमबूट नकोच. एकदा ओढ्यात पाय पडला की बूट भरतो आणि मूल शिसं बांधल्यासारखं चालतं. शेवाळावर घसरतात ते वेगळंच. खोल खाचांच्या रबरी तळाचे साधे बूट घ्या, भिजणार हे धरूनच चाला. मोजे सुती नकोत. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, पंख्याखाली ठेवायचे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाचा कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. सॅकच्या कव्हरवर विसंबू नका. थर्मासमध्ये गवती चहा आणि खिशात गूळ-शेंगदाणे. पोट रिकामं असलं की पोरं जास्त गारठतात.

चिखलपाय:
एक राहिलं. थरथरणं म्हणजे अंग अजून झगडतंय. थरथर थांबली पण पोर झोपाळू झालं, अडखळायला किंवा बरळायला लागलं, तर ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा, खाली उतरा आणि थेट दवाखाना.

*

मळवलीलोकल:
सगळ्यांचे खूप आभार. काल दोन जॅकेटं आणली, मापाचीच, फक्त आत फ्लीस मावेल इतकी सैल. दोघांना घालून बाथरूममध्ये शॉवरखाली पाच-पाच मिनिटं उभं केलं. लेकीचं कोरडं. धाकट्याच्या डाव्या खांद्याच्या शिवणीतून पाणी आलं, टेप तिथे निघालेली होती. दुकानदाराने कुरकुरत का होईना बदलून दिलं. धाकट्याला रोज शॉवरखाली जॅकेट घालूनच आंघोळ करायची आहे, तो वेगळा ताप.

पुढच्या रविवारी कोरीगड ठरवलाय. पायऱ्या आहेत, आणि अगदीच झोडपलं तर वर कोराईदेवीच्या देवळात टेकता येईल. लेकीची बोटं फार गार पडतात. लोकरी हातमोजे भिजून जड होतील आणि रबरी मोज्यांत परत तोच घाम. यावर कोणी काही करून पाहिलंय का?