मदत हवी आहे : मृगाआधी ३०,००० रुपये हाती ठेवायचे, मांडणी बरोबर आहे का?

मंडळी, चार एकर कोरडवाहू. दोन एकर पराटीला (कपाशीला) बियाण्याची चार पाकिटं, दोन एकर सोयाबीनला ६० किलो बियाणं, वर खत. एवढं कृषी केंद्रात उधारीवर न उचलता रोखीनं घ्यायचं, हे ठरलं.

दरमहा २,५०० ही वाटणी कागदावरच शोभते; जून ते सप्टेंबर हातात दमडी नसते. म्हणून चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) मिळाला त्याच दिवशी काढायचे : सोयाबीनचे १०,०००, कापसाच्या पहिल्या वेच्याचे (वेचणीचे) ८,०००, दुसऱ्याचे ७,०००, तुरीचे ५,०००.

अडचण पुढेच आहे. पैसे घरात राहिले की लग्नसराईत आहेरात जातात. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची, ती जमत नाही. एक वर्षाची मुदत ठेव सहा महिन्यांआधी मोडता येत नाही. सोयाबीनच्या पैशाची नोव्हेंबरची ठेव मे महिन्यात मोडेल (व्याज बचत खात्याचंच, चालेल), पण जानेवारीत ठेवलेले तुरीचे पैसे जुलैपर्यंत अडकतील, तोवर पेरणी होऊन जाईल.

मग वेच्याचे आणि तुरीचे पैसे कुठं ठेवावे? बचत गटात ठेवले तर मे महिन्यात नेमके परत मिळतात का, की तेव्हा सगळ्यांनाच लागतात? आणि पहिल्या वेच्यात बोंडअळीनं मार खाल्ला, तर तूट कोणत्या हप्त्यावर टाकावी?