यिंगहायवेई: काळाच्या पुढे, की तळ्यालाच समुद्र समजली?

निमपुणेकर
चिनी इंटरनेटचा विषय निघाला की गाडी थेट अलीबाबावर जाते. त्याआधीची यिंगहायवेई कुणाला आठवत नाही. झांग शूशिन या बाईंनी १९९५ साली बीजिंगमध्ये काढलेली कंपनी. १९९६ मध्ये चोंगक्वानत्सुन या संगणक बाजाराच्या भागात त्यांनी भलामोठा फलक लावला: 'चिनी माणूस माहितीच्या महामार्गापासून किती दूर? उत्तरेला १५०० मीटर.' तिथे लोकांना इंटरनेट दाखवायचं, शिकवायचं त्यांचं दालन होतं.

१९९८ च्या जूनमध्ये बाई राजीनामा देऊन मोकळ्या. तेव्हापासून एकच पालुपद, 'काळाच्या फार पुढे होत्या.' मला हे पटत नाही. त्यांनी इंटरनेट विकलंच कुठे? त्यांचंच सॉफ्टवेअर टाकायचं, त्यांनाच डायल करायचं, त्यांच्याच चिनी बातम्या आणि गप्पा, वर आतल्या व्यवहाराला त्यांचंच नाणं. अमेरिकेतल्या एओएल या डायल-अप सेवेचा कित्ता. गंमत म्हणजे 'यिंगहाय' म्हणजे महासागर. नावात सागर आणि विकायला तळं!

तारयंत्र
साफ असहमत. तेव्हा चिनी भाषेत बाहेर, खुल्या इंटरनेटवर, वाचायला होतं काय? ऑक्टोबर १९९७ च्या पहिल्या अधिकृत मोजणीत अख्ख्या देशात ६ लाख २० हजार वापरकर्ते आणि दीड हजार संकेतस्थळं. लोकसंख्या सव्वाशे कोटींच्या घरात. तळं खोदलं नसतं तर लोकांनी पाय कुठे बुडवायचे?

खरा घाव बाहेरून बसला. ज्या सरकारी दूरसंचार खात्याकडून लाइन भाड्याने घ्यायची, त्यानेच १९९७ मध्ये '१६९' हे चिनी भाषेतलं स्वस्त जाळं सुरू केलं. घाऊक व्यापारीच शेजारी किरकोळ दुकान थाटून बसला, तर गिऱ्हाईक कुणाकडे जाणार?

उंबरठा
आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सेवा सुरू केली आणि खासगी कंपन्यांना नोव्हेंबर १९९८ पर्यंत दार बंदच होतं. त्या मानाने बाईंना निदान दुकान तरी उघडता आलं.

निमपुणेकर
@तारयंत्र, १६९ चा मुद्दा मान्य. पण बातम्या-माहितीची पोर्टलं चालवणाऱ्या चिनी कंपन्या बघा: नेटईज १९९७ ची, सोहू १९९८ ची. देश तोच, खातं तेच. त्यांनी लाइन विकायच्या भानगडीत न पडता लोकांना फुकट वाचायला दिलं आणि जाहिराती घेतल्या. २००० साली दोघी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात. बाई मात्र शहरामागून शहरात मोडेम बसवत राहिल्या. प्रत्येक नवं शहर म्हणजे नवा खर्च.

तारयंत्र
नॅसडॅकचं नाव काढलंत म्हणून विचारतो, नंतर त्या शेअरचं काय झालं? पार मातेरं! जाहिरातींवर या पोर्टलांचं भागत नव्हतं. त्यांना तगवलं चायना मोबाइल या सरकारी फोन कंपनीने. २००० च्या अखेरीस मोबाइलवरच्या सेवांची योजना आली: एसएमएसवर विनोद, भविष्य, बातम्या. पैसे ग्राहकाच्या फोनबिलातून कापले जायचे आणि त्यातला मोठा वाटा पोर्टलला. म्हणजे सरकारी कंपनी आडवी आली तर बुडालात, पाठीशी राहिली तर तरलात. अलीबाबा काढणाऱ्या जॅक मांची त्याआधीची कंपनी चायना पेजेसही हांगचौच्या दूरसंचार कंपनीशी भागीदारीत अडकली, आणि ते स्वतःच बाहेर पडले. त्यांनी कुठलं तळं खोदलं होतं?

शेवंता
दोघंही भागधारकांना विसरलात. बाहेरचा पैसा घेतला तेव्हाच कंपनीची सूत्रं बाईंच्या हातून गेली होती. मोठ्या भागधारकाशी बिनसलं आणि निघाल्या. त्यांच्या पाठोपाठ वरच्या फळीतले बरेच जणही गेले.

निमपुणेकर
एसएमएसचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तिथे माघार. पण पोर्टलांना वाटा मिळाला तो गिऱ्हाईक आधीच दारात होतं म्हणून. यिंगहायवेईचं गिऱ्हाईक १६९ येताच पांगलं.

तारयंत्र
पांगणारच. महिन्याच्या बिलात फरक पडला की दूधवालासुद्धा बदलतो आपण, तिथे मोडेमचं काय घेऊन बसलात.