मदत हवी आहे: नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडर्सन – कुठून ऐकवायला सुरुवात करावी?

नमस्कार मंडळी,

मी डबल बेस शिकतोय आणि नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडर्सन (१९४६–२००५) या डॅनिश बेसवादकाने मला पुरतं झपाटलंय. आमच्या श्रवणगटात त्याच्यावर दोन तासांची बैठक ठरली आहे. मंडळी कानाने तयार आहेत, पण सगळी शास्त्रीय संगीतातली. जॅझ फारसं ऐकलेलं नाही. म्हणून जाणकारांना त्रास देतोय.

मला बैठकीत मुख्यतः त्याची जडणघडण मांडायची आहे. कोपनहेगनच्या जॅझहूस मॉन्मार्त्र क्लबात डेक्स्टर गॉर्डन, बेन वेब्स्टर, केनी ड्रू असे एकाहून एक अमेरिकन वादक येत, आणि त्यांच्या साथीला हा कोवळा पोरगा उभा असे. बीबॉप या वेगवान जॅझ शैलीतला पियानोवादक बड पॉवेल याच्याबरोबर १९६२ मध्ये रेकॉर्डिंग केलं तेव्हा वय वर्षं १५! पुढच्याच वर्षी फ्री जॅझ, म्हणजे ठरावीक चौकटी मोडणारं जॅझ वाजवणारा सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलर, म्हणजे अगदी दुसरं टोक. सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या काउंट बेसीच्या नामांकित बँडचं बोलावणं आलं, ते त्याने नाकारलं. मला वाटतं, घरीच राहिल्यामुळे इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या लोकांची साथ त्याला करता आली. एकाच बँडमध्ये ते झालं नसतं.

नंतर पियानोवादक ऑस्कर पीटरसन आणि गिटारवादक जो पास यांच्याबरोबरचं त्रिकूट. १९७३ च्या 'द ट्रायो'मध्ये ड्रम्सच नाहीत. लय धरायची जबाबदारी मोठ्या प्रमाणात बेसवर, आणि समोर पीटरसनची ती तुफान गती! तरी एक स्वर दबत नाही. हे ऐकवायचं नक्की आहे. त्याच वर्षीचं केनी ड्रूबरोबरचं 'डुओ'ही घेणार, कारण त्यात डॅनिश लोकगीत आहे. आपल्या मंडळींना तिथे चटकन वाट सापडेल असं वाटतं.

आता शंका:

मॉन्मार्त्रच्या काळातलं नेमकं कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं, ज्यात बेस स्वच्छ ऐकू येतो? जुन्या क्लब रेकॉर्डिंगांत तो पियानोखाली गडप होतो.

दुसरी माझ्या रियाजाची. बरेच बेसवादक तर्जनी आणि मध्यमेने तार छेडतात, हा अनामिकाही वापरायचा. माझी अनामिका तारेवर आली की स्वर पातळ होतो आणि लय किंचित पुढे सरकते. अगदी विलंबित लयीत एकाच तारेवर तिन्ही बोटं आळीपाळीने चालवून पाहतोय. तार बदलताना बोटांचा क्रम कायम ठेवायचा की जवळचं बोट वापरायचं? प्रत्यक्ष अशा पद्धतीने वाजवणारं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा. व्हिडिओ सुचवलात तर उजवा हात जवळून दिसणारा सुचवा.

आणि हो, बैठकीच्या जागी साधे पुस्तकाएवढे स्पीकर आहेत. सबवूफर भाड्याने आणावा का, की त्याने बेस नुसताच घुमेल?