पाहुण्यांना इंदूर-उज्जैन-मांडूचा सल्ला देताना काय विचारावं, काय सांगावं?

रामबागकर
नमस्कार मंडळी. सुट्ट्या जवळ आल्या की पुण्या-मुंबईचे नातेवाईक आपल्याला फोन करतात, "तीन दिवसांत इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू होईल ना?" आपण इंदूरचे, म्हणून पटकन "होईल की" म्हणून मोकळे होतो, आणि हाल त्यांचे होतात. दिवाळीनंतर मुंबईहून पाच जण येताहेत : मावशी-काका (दोघं सत्तरीच्या पुढचे, मावशींचे गुडघे दुखतात), मुलगा-सून आणि आठ वर्षांची नात. त्यांना धड सल्ला द्यायचाय. नेमकं कुठे चुकतं आपलं?

रेवाकाठ
रामबागकर, पहिली चूक किलोमीटर सांगण्यात होते. इंदूर ते ओंकारेश्वर ८० किमीच्या आसपास. हे ऐकून मुंबईचा माणूस दीड तास धरतो. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात एखादा ट्रक बंद पडला, की तेच अंतर तीन तासांचं होतं. पाहुण्यांना नेहमी तास सांगा, आणि तेही घरातून निघाल्यापासून मंदिराच्या दारापर्यंतचे. पार्किंग, पायी चालणं, रांग सगळं धरून.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक ठिकाण "इंदुरातून जाऊन-येऊन" सुचवणं. ओंकारेश्वर, महेश्वर आणि मांडू वेगवेगळ्या दिवशी केलं तर साधारण ५५० किमी होतात. तेच इंदूर–ओंकारेश्वर (८०), तिथून महेश्वर (६५), मग मांडू (४०), आणि मांडूहून परत इंदूर (१००) असा फेरा घेतला तर २८५ मध्ये आटपतं. महेश्वरला मुक्काम ठेवला की संध्याकाळी घाटावर निवांत बसता येतं. दिवसाची घाईची भेट देऊन अहिल्याबाईंचं महेश्वर कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडीचा हिशोबही आधीच सांगा. बाहेरगावच्या भाड्याला बरेच गाडीवाले दिवसाला किमान २५० ते ३०० किमी धरतात, म्हणजे दोन दिवसांच्या या फेऱ्याचं बिल ५०० ते ६०० किमीचं येऊ शकतं. चालकाचा रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग बहुधा वेगळं. किमान किती किमी आणि भत्ता किती, हे ठरवतानाच लिहून घ्यायला सांगा. इथे आल्यावर वाद झाला की तुम्ही मध्ये अडकता.

तीन दिवसांत पाचही ठिकाणं नको. त्यासाठी चार मुक्काम हवेत. तीनच दिवस असतील तर उज्जैन, इंदूर आणि उरलेल्यांपैकी एक.

सुदामानगरची काकू
बाळा, उज्जैनबद्दल सगळ्यात जास्त शिळे सल्ले फिरतात. "धोतर घेऊन जा, महाकालाच्या गाभाऱ्यात जाऊन अभिषेक करता येतो" असं अजून सांगतात. सर्वसामान्य भाविकांसाठी गाभारा जुलै २०२३ मध्ये बंद झाला. मोबाइल आत नेता येत नाही, हेही सांगून ठेव. म्हणजे पाच जण वेगळे झाल्यावर कुठे भेटायचं ते बाहेरच ठरवतील. भस्म आरती पहाटे चारच्या सुमाराची आणि त्याच्या बऱ्याच आधी आत पोहोचावं लागतं. इंदूरहून त्या रात्री निघायचं म्हणजे सत्तरीच्या माणसांना झोपच नाही. आरती हवी असेल तर मुक्काम उज्जैनला. बुकिंग मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करायचं, प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवून. मधल्या माणसाला पैसे देऊ नका.

आता पंचांगाचा घोळ. आपल्याकडे माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावस्येला. २०२५ चंच बघ : इथला श्रावण ११ जुलैला लागला, महाराष्ट्रातला २५ जुलैला. इथला माणूस म्हणतो "९ ऑगस्टला श्रावण संपला, आता या", आणि पाहुणे शांत दर्शन मिळेल म्हणून निघतात. पण महाकालाच्या सवाऱ्या, म्हणजे सोमवारच्या पालखी मिरवणुका, इथल्या भाद्रपदातही निघतात. त्या वर्षीची शेवटची १८ ऑगस्टला होती आणि महाराष्ट्राच्या पंचांगात तेव्हा श्रावणच चालू होता. म्हणून महिन्याचं नाव सांगायचंच नाही, तारीख सांगायची. दिवाळीनंतर श्रावणातली गर्दी नाही, तरी सोमवार टाळा. त्या दिवशी महाकालाला गर्दी, आणि इंदुरात लालबाग राजवाडा बंद.

खाण्याचंही तसंच. इंदूरच्या सराफ्यात खायला म्हणून संध्याकाळी सहाला पाठवलंस तर सोन्या-चांदीची दुकानंच दिसतील. ती बंद झाल्यावर, रात्री नऊच्या पुढे खरा खाण्याचा सराफा. नातीला तोवर झोप येईल, त्यांना छप्पन दुकान ही खाऊगल्ली दिवसा दाखव. गराडू (तळलेला कंद) हिवाळ्यातच मिळतो. डिसेंबरात खाऊन गेलेला माणूस जूनमध्ये येणाऱ्याला तो हमखास सुचवतो.

मीटरगेज
रेल्वेपुरतं बोलतो. "चार महिने आधी तिकीट काढा" हा सल्ला ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत बरोबर होता. १ नोव्हेंबरपासून आगाऊ आरक्षण ६० दिवसांवर आलं. "महूहून छोट्या गाडीने ओंकारेश्वर रोडला उतरा" हेही विसरा. रुळांच्या रुंदीकरणासाठी तो मार्ग २०२३ मध्ये बंद झाला. पातालपाणी ते कालाकुंड धावते ती हेरिटेज गाडी फक्त फिरण्यासाठी, आणि तीही ठरावीक काळातच.

मुंबईहून येणारी अवंतिका एक्सप्रेस आधी उज्जैनला थांबते, मग देवासमार्गे इंदूरला येते. उज्जैन करायचंच असेल तर इंदूरपर्यंत येऊन पुन्हा ५५ किमी मागे कशाला? तिकीट उज्जैनचंच काढा. सल्ला देणारा इंदूरचा असला की हे सुचत नाही, कारण त्याच्या डोक्यात सगळा प्रवास आपल्या घरापासून सुरू होतो.

आणि पाहुण्यांनाही विचारायला शिकवा. "मांडू कसं आहे?" याला उत्तर "छान" एवढंच येणार. तुम्ही कोणत्या महिन्यात गेलात, वार कोणता, बरोबर म्हातारं माणूस होतं का, गाडी स्वतःची होती का, किती वाजता पोहोचलात, हे विचारलं की सल्ला आपल्या कामाचा आहे का ते लगेच कळतं. पावसाळ्यात मांडूला गेलेला हिरवळीवर भाळून आलेला असतो. मे महिन्यात तिथले दगड तापलेले असतात. दोघंही खरंच सांगतात.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशींच्या गुडघ्यांचं काय करू? ओंकारेश्वर वगळायला सांगू का? त्यांची फार इच्छा आहे.

रेवाकाठ
वगळा म्हणू नका. काय आहे ते सांगा, ठरवू दे त्यांना. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे. पुलावरून गेलं तर चालणं जास्त. नावेने गेलं तर चालणं कमी, पण दोन्ही काठांवर घाटाच्या पायऱ्या. ममलेश्वर दक्षिण काठावरच आहे, नदी ओलांडावी लागत नाही. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनात दोन्ही मंदिरं धरतात, त्यामुळे गुडघ्यांनी नाही म्हटलं तर ममलेश्वरानेही मावशींचं मन भरेल. बेटाची परिक्रमा सुमारे ७ किमी, ती त्यांना नको. नातीला घाटावर एकटं सोडू नका. धरण अगदी वरच्या अंगाला आहे, पाणी सोडलं की पातळी भराभर वाढते. भोंगा वाजला की लगेच वर यायचं.

मांडूला जहाज महाल आणि होशंगशाहचा मकबरा त्यांना झेपेल. रूपमती मंडपाला चढ आहे. सून-मुलगा वर जातील तेव्हा या दोघांना रेवा कुंडापाशी बसवा.

सुदामानगरची काकू
आणि हे सगळं फोनवर नको सांगूस, लिहून पाठव. वर आजची तारीख टाक आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपास. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनच्या बाजूला रस्त्यांची कामं चालू आहेत, वळणं बदलत असतात. जे स्वतः पाहिलंस ते वेगळं लिही, ऐकीव ते वेगळं. मावशींना औषधं कधी घ्यायची असतात तेही विचारून घे, जेवणाच्या वेळा त्यावरच बसवाव्या लागतील.