स्वस्त मोबाइल सेवेकडे जाताना नेमके काय कमी मिळते?

खिडकीपाशी

गेली अकरा वर्षे मी एकाच मोबाइल कंपनीचा ग्राहक आहे. आधी क्रमांक बदलावा लागेल या धास्तीने आणि पुढे, क्रमांक तोच ठेवता येतो हे कळल्यावर, निव्वळ आळसाने मी तिथेच राहिलो. आता तेवढेच नेट आणि तसेच अमर्याद कॉल जवळपास निम्म्या दरात देणारी एक नवी कंपनी समोर आली आहे. तिचा स्वतःचा एकही टॉवर नाही, ती एका मोठ्या कंपनीचे जाळे भाड्याने वापरते, असे तिच्याच माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापले आहे, आणि ते जाळे नेमके मी आज वापरतो तेच आहे.

टॉवर तोच, फोन तोच आणि क्रमांकही तोच राहणार असेल, तर निम्म्या पैशांत मिळणाऱ्या सेवेत कमी काय असते, हा माझा प्रश्न आहे. माझ्या घरात आजही फक्त मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी धड बोलता येते, त्यामुळे आगीतून फुफाट्यात पडण्याची माझी तयारी नाही. सोबत आईचेही सिम बदलायचे आहे. तिचा फोन सात-आठ वर्षांपूर्वीचा असून तो बदलायला ती मुळीच राजी नाही. शिवाय बँकेचे सगळे ओटीपी याच क्रमांकांवर येतात. जाणकारांनी कृपया सांगावे.

तरंगलांबी

कमी मिळते ती रांगेतली जागा.

टॉवरची क्षमता ठरावीक असते आणि ती त्या क्षणी जोडलेल्या सगळ्या फोनांत वाटली जाते. गर्दी नसताना कोण कोणत्या कंपनीचा ग्राहक आहे याने काहीच फरक पडत नाही, परंतु गर्दी झाली की कोणाचे काम आधी करायचे हे टॉवरला ठरवावे लागते. त्यासाठी ४जीच्या मानकात सेवेच्या दर्जाचे वर्ग आखून दिलेले आहेत. आवाजाच्या कॉलला वर्ग १ मिळतो, तर सर्वसाधारण इंटरनेट बहुधा ८ किंवा ९ या वर्गांत मोडते. मोठी कंपनी आपल्या थेट ग्राहकांना यांतला वरचा वर्ग देऊन भाडेकरू कंपनीच्या ग्राहकांना खालचा देऊ शकते, आणि अनेक ठिकाणी तसे केलेही जाते. म्हणूनच अशा सेवेवर पहाटे चित्रफीत झरझर उतरते आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास, पडद्यावर रेंजचे सगळे दांडे उभे असतानाही, साधे संकेतस्थळ उघडायला अर्धा मिनिट लागतो. दांडे फक्त टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोहोचतो ते सांगतात, तो तुमचे ऐकायला मोकळा आहे की नाही हे ते सांगत नाहीत.

हा प्रकार नवा नाही. स्वतःचे टॉवर नसलेली पहिली मोठी मोबाइल कंपनी म्हणून ज्या व्हर्जिन मोबाइलचे नाव घेतले जाते, ती ब्रिटनमध्ये १९९९ साली अशीच दुसऱ्याच्या जाळ्यावर उभी राहिली होती. तेव्हा प्रामुख्याने बोलणेच होत असल्याने हा फरक फारसा जाणवत नसे.

आता तुमच्या खिडकीबद्दल. जाळे तेच राहणार असेल, तर खिडकीपाशी जे आहे तेच राहील, ते सुधारणार नाही आणि बिघडणारही नाही. वेगळ्या जाळ्यावर जाणार असाल, तर मात्र नकाशावर विसंबू नका. कंपन्यांचे कव्हरेजचे नकाशे बरेचसे गणिताने काढलेले असतात आणि त्या गणिताला तुमच्या भिंतींची जाडी ठाऊक नसते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात, २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी बाहेर उत्तम वेग देतात, परंतु दोन भिंती ओलांडताना थकतात. बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंगमध्ये, सिमच्या स्थितीखाली, संकेताची ताकद उणे आकड्यात दिसते. ४जीवर ती उणे ८५ च्या आसपास असली तर चांगली आणि उणे ११० च्या खाली गेली तर कॉल अडखळणार असे समजावे. दर १० आकड्यांनी ताकद दहापट बदलते, म्हणून उणे ९५ आणि उणे १०५ यांतला फरक दिसतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो.

तुमचा फोन दोन सिमचा असेल किंवा त्यात ई-सिम चालत असेल, तर आधी नव्या कंपनीचा एखादा वेगळा, तात्पुरता क्रमांक घ्या आणि जुने सिम न काढता पंधरा दिवस दोन्ही वापरा. खोल्याखोल्यांतून, जिन्याच्या वळणावर, कामाच्या ठिकाणी, आणि मुख्यतः संध्याकाळी तपासा. दुपारी तीन वाजता घेतलेल्या परीक्षेत सगळ्याच कंपन्या पहिल्या येतात.

जुनेहँडसेट

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु मला आईच्या फोनची काळजी अधिक वाटते. बऱ्याच फोनांत नेट ४जीवर चालत असले तरी कॉल लावताना फोन गुपचूप २जी किंवा ३जीवर उतरतो, आणि कॉल संपला की परत वर चढतो. ज्या कंपन्यांनी जुनी जाळी बंद केली आहेत, त्यांच्याकडे उतरायला पायरीच उरलेली नाही. तिथे आवाजही ४जीवरूनच, म्हणजे व्हीओएलटीईने, जावा लागतो.

त्यात आणखी एक मेख आहे. फोनमध्ये व्हीओएलटीई आहे एवढ्याने भागत नाही, त्या विशिष्ट कंपनीसाठीची मांडणी फोन बनवणाऱ्याने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असावी लागते. लहान कंपन्यांच्या बाबतीत, विशेषतः ज्या फोनांना अपडेट येणे थांबले आहे त्यांत, ती नसण्याची शक्यता असते. माझ्या वडिलांचे सिम बदलले तेव्हा नेमके हेच झाले. नेट सुरू होते, संदेश येत होते, म्हणून सगळे ठीक आहे असे आम्ही समजलो. तीन दिवसांनी लक्षात आले की त्यांना फोन लावला की तो बंद असल्याचे ऐकू येते, आणि ते स्वतः कॉल करू पाहत तेव्हा पडद्यावरचे ४जी हे अक्षर नाहीसे होऊन कॉल आपोआप तुटत असे. अशा फोनवरून आणीबाणीचा कॉलही लागेल याची खात्री देता येत नाही, त्यामुळे ही बाब गैरसोयीपुरती मर्यादित मानू नये.

तेव्हा आईंच्या फोनमध्ये तात्पुरते सिम घालून एक कॉल लावून पाहा, एक घेऊन पाहा, आणि कॉल चालू असताना वरच्या पट्टीत काय दिसते त्याकडे लक्ष ठेवा. फोन हप्त्यांवर किंवा करारावर घेतलेला असेल तर तो जुन्या कंपनीशी लॉक केलेला नाही ना, हेही याच परीक्षेत उघड होईल.

सावकाश

क्रमांक हलवण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. सर्वांत महागडी चूक म्हणजे नवी सेवा सुरू होण्याआधीच जुनी बंद करण्याचा अर्ज देणे. क्रमांक जिवंत असेल तरच तो पोर्ट होतो, आणि एकदा बंद पडला की तो कंपनीच्या ताब्यात परत जातो. जुनी सेवा आपण बंद करायचीच नसते, क्रमांक नवीकडे पोहोचला की ती आपसूक बंद होते. थकबाकी आणि नावातला फरक ही अर्ज फेटाळला जाण्याची नेहमीची कारणे असल्याने ती आधी निस्तरावीत.

ओटीपीबाबतची तुमची शंका रास्त आहे. पूर्वी क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येत असे. १९९७ साली सिंगापूरने प्रथम क्रमांक टिकवून कंपनी बदलण्याची सोय दिली आणि ती पुढे सर्वत्र पसरली, तेव्हापासून कोणता क्रमांक कोणाकडे आहे याची सामायिक नोंद ठेवावी लागते. तुमचा क्रमांक हलला की ही नोंद बदलते, परंतु घाऊक संदेश पाठवणाऱ्या मध्यस्थांकडची प्रत कधी कधी जुनीच राहते आणि ओटीपी जुन्या कंपनीच्या दारात जाऊन विरतो. कॉल येतात पण ओटीपी येत नाही, असा एक-दोन दिवसांचा विचित्र काळ त्यातूनच निर्माण होतो. याखेरीज काही बँका सिम बदललेले दिसताच, फसवणुकीच्या भीतीने, स्वतःहून काही काळ व्यवहार अडवतात. म्हणून हप्ता किंवा बिल भरण्याच्या आठवड्यात हे काम काढू नये, आणि आईंचा व तुमचा क्रमांक एकाच दिवशी तर मुळीच हलवू नये.

जुन्या सिमवर साठवलेले संपर्क तिथेच राहतात, ते आधी फोनमध्ये उतरवून घ्या. नवे सिम घातल्यावर रेंज असूनही नेट नसेल, तर बहुधा एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी सेटिंग, हाताने भरावे लागते.

तेराव्वा

फक्त हिशेबापुरते. दर "महिन्याचा" म्हणून वाचला तरी मुदत २८ दिवसांची आहे की पूर्ण महिन्याची, ते पाहिलेत का? २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे तर तेरा वेळा पैसे भरावे लागतात, आणि निम्मा वाटणारा दर तितका निम्मा उरत नाही. पहिल्या काही महिन्यांपुरती सवलत असेल तर गणित आणखी बदलते. माझे मत विचाराल तर पोर्टचा अर्ज टाकण्याआधी जुन्या कंपनीलाच फोन करून बघा, कारण जाणाऱ्या ग्राहकासाठी तिच्या कपाटात वेगळी योजना असते.

खिडकीपाशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तात्पुरते सिम आणून आठ दिवस झाले. माझ्या फोनवर खिडकीपाशी दोन्ही सिमना उणे ९७ दिसते, म्हणजे टॉवर खरोखरच तोच आहे. रात्री नवाच्या सुमारास नव्या सिमवर चित्रफीत थांबत थांबत चालते, पण त्या वेळी मी घरी वाय-फायवरच असतो, त्यामुळे तेवढे सोसण्याजोगे आहे. मुदत २८ दिवसांचीच निघाली. तेरा वेळा भरूनही आतापेक्षा बरेच कमी पडतात, म्हणून माझा क्रमांक पुढच्या आठवड्यात, बिले भरून झाल्यावर, हलवीन.

आईच्या फोनमध्ये तेच सिम घालून मी शेजारच्या खोलीतून तिला फोन लावला. तो बंद असल्याचे मला ऐकू आले, आणि ती समोरच बसून त्याच फोनवर बातम्या वाचत होती. तिचे सिम होते तिथे परत घातले आहे.